एका बनियनवर दहा दिवस

१ मार्च, शनिवार. दुपारी १.

पोचलो. बेट म्हणून जे दाखवलं ते आमच्या ऑफिसच्या पार्किंगपेक्षा थोडं मोठं. नारळ, वाळू, पाच झोपड्या, एक लाकडी धक्का. लोक याचे फोटो काढतात म्हणे.

ही म्हणाली होती, ज्या माणसाला कपाटातलं स्वतःचं बनियन सापडत नाही, तो दहा दिवस एकटा काय राहणार? म्हणून मुद्दाम आलो. अठ्ठावीस वर्षं आवक-जावक विभाग सांभाळतोय. मला एक पाठपिशवी सांभाळता येणार नाही?

ही बंदरावर बहिणीकडे राहिली आहे. निघताना म्हणाली, करमेनासं झालं तर बोटवाल्याकडे चिठ्ठी द्या. नुसतं 'ये' लिहा, मी येईन. मी हसलो. चिठ्ठी आलीच तर ती तिकडून येईल.

पिशवी उघडली. एकही बनियन नाही! ही भरत असताना 'कमीत कमी सामान' असं मी दोनदा ठणकावलं, त्याचा राग दिसतो. हरकत नाही. अंगावरचं एक पुरे. बॅकपॅकिंग यालाच म्हणतात.

झोपड्यांच्या मालकीणबाईंनी नियम सांगितले. टाकीचं पाणी जपून वापरा. चपला बाहेर ठेवू नका, खेकडे नेतात. बोट हवी असेल तर धक्क्यावरच्या बांबूला पांढरं फडकं लावा, चारची बोट वळून येते. आणखी काहीबाही. मला कुठे जायचंय? अर्धं ऐकलं नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी ७.

झोप नाही. समुद्र रात्रभर चालू असतो. बंद करायची सोय नाही.

वेळापत्रक करून दारावर लावलं. ५.३० उठणे. ५.४५ व्यायाम. ७ ते ८ चिंतन. ३ ते ४.३० विश्रांती (कटाक्षाने).

शेजारच्या झोपडीत एक दाढीवाला आहे. दिवसभर दोन नारळांमध्ये बांधलेल्या झोळीत पडून असतो. तीन आठवडे झाले म्हणे. दिवसाचा कार्यक्रम काय, असं विचारलं तर म्हणाला, हाच. अशा माणसांमुळेच देश मागे राहतो.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.

बनियन धुतलं. अंगणातल्या दोरीवर दाढीवाल्याच्या लुंग्या. धक्क्याच्या टोकाला एक उंच बांबू सापडला. वारा उत्तम. तिथे बांधलं. ही जागा इतक्या दिवसांत कुणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटत नाही.

चारला बोट बंदराकडे परत निघाली होती. दोन दिवस लांबून जायची, आज सरळ धक्क्याला लागली! बोटवाल्याने विचारलं, यायचंय का? म्हटलं, नाही. मग काही द्यायचंय का? नाही. बांबूकडे बघत काहीतरी पुटपुटला आणि गेला.

लगेच लक्षात आलं. हिनेच पाठवला. तिसऱ्याच दिवशी! मला वाटलं होतं पाच दिवस तरी कळ काढेल.

४ मार्च, मंगळवार. ५.१५.

आजही आली. मी बनियन वाळायची वाट बघत उघडाच बसलो होतो. यायचंय का? नाही. द्यायचंय का? काही नको, मजेत आहे म्हणून सांगा. बोटवाल्याने विचारलं, कुणाला? कसा साळसूदपणा! माणसं पढवण्यात ही पहिल्यापासून हुशार आहे.

डावी चप्पल दिसत नाही. मालकीणबाई म्हणतात खेकडा. मला दाढीवाल्याचा संशय आहे.

५ मार्च, बुधवार. ६ वाजता.

पाठ भाजली आहे. हात लागला तरी आग होते. कुणाला सांगणार नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, बनियन तिथे वाळत नका घालू. कारण सांगणार इतक्यात मी म्हटलं, बाई, वारा कुठे लागतो ते मला कळतं. आत निघून गेल्या. कारभार चालवायचा तर असा आवाज लागतो.

बोट आली. बोटवाला आज चिडून बोलला. इंजिनच्या आवाजात शब्द कळले नाहीत, पण निरोप्या म्हणून नेमलेल्या माणसाने अदबीने वागायला हवं. ऑफिसात असता तर मेमो दिला असता.

मनात आलं, आता कितीही वेळा बोट पाठवली तरी मी 'ये' म्हणणार नाही.

६ मार्च, गुरुवार. दुपारी.

पोट बिघडलं. पहाटेपासून सात फेऱ्या. वेळापत्रकात बसत नाहीत.

दाढीवाला मऊ भात घेऊन आला. बिनमिठाचा. खाल्ला. न विचारता शेजारी बसून राहिला. ही असती तर मीठ-साखरेचं पाणी करून उशाशी उभी राहिली असती आणि मी परवा काय काय खाल्लं त्याची यादी वाचली असती. ती कटकट नाही तेवढं बरं.

फार शांत आहे इथे. जरा जास्तच.

संध्याकाळ: सकाळी कसंबसं बनियन धुऊन बांबूला लावलं होतं. बोट आलीच. मी उठू शकलो नाही. मालकीणबाईंनी परस्पर सांगितलं, त्यांना काही नको असतं. यात त्यांनी पडायची गरज नव्हती.

७ मार्च, शुक्रवार. ५ वाजता.

निर्णय घेतला. हिला बोलवायचं. माझ्यासाठी नाही. बिचारी चार दिवस रोज बोट पाठवते आहे, किती ताणायचं माणसाला?

जेवणानंतर मसुदा करायला घेतला. 'विषय: बेटावर येण्याबाबत. आपल्या दैनंदिन तोंडी विचारणांच्या अनुषंगाने कळविण्यात येते की'. खोडला. दुसऱ्यात नमतं घेतल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्यात पोटाचा उल्लेख आला, तो काढला. सहावा चांगला जमला, पण त्यात 'करमत नाही' असं कसं कोण जाणे लिहिलं गेलं.

आठव्याची पक्की प्रत काढत होतो, तेवढ्यात बोट आली. धावत जाऊन सांगितलं, मसुदा मंजूर आहे, प्रत उद्या देतो. बोटवाल्याने दोन्ही हात जोडले. म्हणाला, साहेब, पाच दिवस झाले, लोक हसतात मला. उद्यापासून काहीही लावा, मी वळणार नाही.

काहीही लावा म्हणजे काय? माणूस उन्हाने भ्रमिष्ट झालेला दिसतो.

८ मार्च, शनिवार. ६.३०.

सगळे मसुदे फाडले. कागदावर एकच शब्द लिहिला. 'ये.' वर तारीख, कोपऱ्यात जावक क्रमांक एक.

तीनपासून धक्क्यावर उभा. उजव्या पायात चप्पल, डावा पाय वाळूत भाजलेला. बनियन बांबूवर. पावणेचारला बोट दिसली. जवळ आली. मग तिरकी झाली आणि सरळ बंदराकडे निघाली. मी हाका मारल्या. बनियन सोडून दोन्ही हातांनी फडकवलं. बोटीवरच्या दोन-तीन प्रवाशांनी हात हलवून निरोप घेतला.

आपल्या विभागातून अठ्ठावीस वर्षांत एक कागद गहाळ झाला नाही. हा एक पोचवता येईना.

मला ती इथे हवी होती. हे इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

९ मार्च, रविवार. ४.३०.

५.३० ला उठलो नाही. पाठ गादीला टेकवत नव्हती. दाढीवाल्याने झोळी रिकामी करून दिली, म्हणाला, पालथे पडा. पडलो. समुद्र चालू होता तसाच होता. कधी डोळा लागला कळलं नाही.

जागा झालो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पाठीवर सावली. वर नारळाला एक छत्री बांधलेली. निळी, एक काडी दोऱ्याने शिवलेली. ती काडी मीच मोडली होती.

मालकीणबाई म्हणाल्या, सकाळची मोठ्या बेटाकडे जाणारी बोट तांदळाची पोती उतरवायला थांबली होती. त्यात दोघी बहिणी होत्या. एक उतरून झोळीपर्यंत आली. बराच वेळ उभी राहिली. बाईंनी विचारलं, उठवू का? ती म्हणाली, नको. अठ्ठावीस वर्षांत यांना दिवसा असं झोपलेलं पाहिलं नाही. त्यासाठीच तर आलेत. मग छत्री बांधली, चिठ्ठी दिली आणि बोटीत जाऊन बसली.

चिठ्ठी:

'बोटवाला भेटला. म्हणाला, तुम्ही रोज पांढरं फडकं लावून बोट बोलावता आणि काही नको म्हणून परत पाठवता. फडक्याला गळा आहे, बाह्या नाहीत म्हणाला तेव्हा ओळखलं. तुमचं छान चाललंय, चालू दे. आम्ही दोघी चार दिवस मोठ्या बेटावर. बाकीची बनियनं पिशवीच्या खालच्या कप्प्यात आहेत. चेन मागच्या बाजूला.'

चेन मागच्या बाजूलाच होती. चार बनियनं, इस्त्रीची. भाजल्यावर लावायचं मलम. मीठ-साखरेच्या पुड्या. एक जोड जुन्या चपला.

आवक क्रमांक एक म्हणून चिठ्ठीची नोंद केली. मग चारही बनियनं नेऊन बांबूला लावली. चारची बोट लांबून गेली. बोटवाल्याने मानसुद्धा वळवली नाही.

'ये' लिहिलेला कागद खिशातच होता. घडी करून खालच्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.