नादकाट्याचं घड्याळ

प्रिय गास्तों,

बाबांना मातीआड करून पंधरवडा झाला. तू आला नाहीस म्हणून भांडायला बसलेली नाही. भांडायचं असतं तर फोन केला असता, आणि तू तो आपटला असतास. आपण दोघंही बाबांवरच गेलोय.

त्यांचा संग्रह आहे तसाच आहे. शेवटपर्यंत ते बील गावच्या जुन्या बाजारातून पहिल्या जमान्यातली विजेची मनगटी घड्याळं उचलून आणायचे आणि आईची बोलणी खायचे. "म्हातारा मरेल, पण बाजार चुकवणार नाही!" त्यातही जीव नादकाट्याच्या, म्हणजे ट्यूनिंग फोर्कवर चालणाऱ्या घड्याळांवर. मागचं झाकण उघडून भिंग माझ्या डोळ्याला लावायचे. "बघ पोरी, एवढासा काटा थरथरतो आणि त्या थरथरीनं चाक ढकलतो. दाते मोजून दाखव, घर तुझ्या नावावर करतो!" केसाहून बारीक दाते, कोण मोजणार? मग ते घड्याळ सिगारच्या रिकाम्या लाकडी पेटीवर ठेवायचे आणि अख्खी पेटी भुंग्यासारखी गुणगुणायची. तेवढा वेळ ते सुखी असायचे. तू जपानला क्वार्ट्झ घड्याळांच्या कारखान्यात गेलास, त्याच सुमारास त्या स्वस्त घड्याळांपुढे इथले स्विस घड्याळांचे कारखाने बंद पडले, आणि बाबांनी दोन्हींची सांगड घातली. घरात तुझं नाव 'घरभेद्या' पडलं. पहिल्या पगारातून तू शोधून पाठवलेलं नादकाट्याचं घड्याळ त्यांनी डबी न उघडताच खणात टाकलं, असं आम्ही धरून चाललो होतो.

ते गेले तेव्हा रीतीप्रमाणे आईने घरातली घड्याळं थांबवायला सांगितली. लंबकाचं एक चटकन थांबलं. बाकीची विजेवरची, नादकाट्याच्या घड्याळाची तर चावी ओढली तरी काटा थरथरतच राहतो. मी एकेकाचा सेल काढत बसले. घर मुकं झालं, तेव्हा कुठे आई रडली.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी सगळ्यांना मौन पाळायला सांगितलं. आणि गास्तों, त्या शांततेत शवपेटी गुणगुणत होती. बाबांच्या जुन्या घड्याळ-कारखान्यातले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. तो आवाज त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. घरातली सगळी घड्याळं थांबवली, पण बाबांच्या मनगटावरचं राहिलं होतं. त्यांना कपडे मीच घातले, बाहीची बटणं मीच लावली, पण तोंड फिरवून, चाचपडत; मनगटाकडे बघायचं धाडस झालं नाही. शेजारचे ऑस्कारकाका हळूच म्हणाले, "उघडू या, सेल काढून टाकतो." तशी आई पेटीवर पालथी पडली. "हात लावाल तर याद राखा! त्यांचं अजून चालू आहे."

ते तुझं घड्याळ होतं. घरी येऊन मी खण उघडला. तू पाठवलेली डबी होती, घड्याळ नव्हतं. आत नुसते वापरून संपलेले सेल. म्हणजे इतकी वर्षं ते लांब बाहीखाली तुझंच घड्याळ घालत होते आणि आमच्यासमोर तुला शिव्या देत होते. मला इतका राग आला, की मी ती डबी भिंतीवर फेकली. नंतर सगळे सेल गोळा करून परत भरले.

आता आई रोज दफनभूमीत जाते, बर्फ बाजूला सारते आणि मातीला कान लावते. "चालू आहे," म्हणते. मला काही ऐकू येत नाही, पण मी मान डोलावते. सेल फार तर वर्षभर चालतो, हे तिलाही ठाऊक आहे. आज सकाळी ती भिजलेल्या कोटानिशी स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "आज जरा मंद वाटतंय गं. गास्तोंला बोलाव, तो दुरुस्त करेल." मी तिला काय सांगू? तू ये. दुरुस्त काही करायचं नाही. तिच्या शेजारी गुडघे टेकून नुसता मातीला कान लाव, आणि ऐकू येतंय म्हण.

तुझीच,
ओदेत