एका माणसापुरती हवा

३ नोव्हेंबर

मुंगीचा खोकला आजही. दिवसा काही नाही. खेळते, भांडते, शाळेत जाते. रात्री मात्र शेजारच्या खाटेवरून असा मोठा खोकला येतो, की मी दचकून उठतो. छाती धडधडत असते, अंगाला घाम सुटलेला असतो. एकुलती एक नात, भय वाटणारच.

डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, धूळ असेल. समोरची इमारत पाडण्याचे काम चालू आहे. खिडक्या बंद असूनही टेबलावर बोटाने अक्षर उमटते.

५ नोव्हेंबर

चिरंजीवांनी हवा स्वच्छ करणारे यंत्र घेण्याचे ठरविले. सूनबाईंनी मोबाईलवर चित्रे दाखविली. खाली लिहिले होते — वायुशोधक. मी म्हणालो, शब्द चुकीचा आहे. शोधक म्हणजे शोधणारा. शुद्ध करणारे ते शुद्धियंत्र. शिक्षण चौथीपर्यंतच झाले, परंतु शुद्धलेखनात मी पहिला होतो.

“असू दे हो बाबा,” सूनबाई म्हणाल्या. “शोधू दे त्याला धूळ. मी तर रोज पुसून पुसून थकले.”

६ नोव्हेंबर

वखारीत आयुष्यभर करवतीपाशी उभा राहिलो. भुसा अद्याप माझ्याच अंगातून निघत नसेल ना? सगळे सदरे गॅलरीत नेऊन झटकले. कोणास सांगितले नाही.

८ नोव्हेंबर

दुकानात गेलो होतो. यंत्रे ओळीने मांडलेली. लहान, मोठी, सर्व पांढरी. विक्रेत्याने खोलीचे माप विचारले. ते मी सांगितले. मग त्याने विचारले, “खोलीत झोपतात किती जण?”

चिरंजीव म्हणाले, “एक.”

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो.

मी म्हणालो, मोठे घ्यावे, दोघांना पुरेल असे. चिरंजीव म्हणाले, “बाबा, मोठं केवढं घरघरतं! ती झोपेल का?” दुसऱ्या कोणाच्या झोपेविषयी बोलणे झाले नाही.

लहान यंत्र चालू केले. हिरवा दिवा लागला. त्यावरील अक्षरे वाचण्यास मी वाकलो, तोच दिवा लाल झाला आणि पंखा जोराने फिरू लागला. विक्रेता हसला, “आजोबा, सापडलात की!” मी छातीला मलम लावले होते, त्याचा वास असेल. तसे मी सांगितलेही. चिरंजीव हसले नाहीत. खाली पाहत राहिले.

लहानच घेतले. अकरा तारखेस घरी येऊन लागेल.

९ नोव्हेंबर

एक. दिवसभर हाच शब्द कानांत आहे.

१० नोव्हेंबर

आमच्या वखारीच्या मुकादमास मुलांनी ‘जरा हवापालट’ म्हणून बहिणीकडे पोहोचविले. परत आणण्यास कोणी गेले नाही. प्रथम खोली जाते, मग घर. हे सर्व मी बसल्या जागी का आठवीत आहे?

चिरंजीव दोनदा दाराशी येऊन गेले. “बाबा, जरा बोलायचं होतं.” दोन्ही वेळा मी वर्तमानपत्र उचलले.

११ नोव्हेंबर

सांगण्याची वेळ कोणावर येऊ दिली नाही. सकाळीच माझी गादी, उशी व पेटी बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवली. म्हणालो, मला तेथे वारा बरा लागतो. खिडक्या तर सगळ्याच बंद आहेत!

सूनबाईंचे डोळे भरले. “बाबा, थोडेच दिवस हं. तिचा खोकला गेला, की लगेच परत.”

मुंगी उशीचे टोक धरून बसली. “आजोबांनी माझ्याच खोलीत झोपायचं.” चिरंजीवांनी तिची बोटे एकेक करून सोडविली. एवढा हट्ट तिने यापूर्वी कधी केला नव्हता.

१३ नोव्हेंबर

यंत्र लागल्यापासून मुंगी एकदाही खोकलेली नाही. घरात आनंद आहे. सूनबाई शेजारणीस सांगत होत्या, “जादूच म्हणायची. पहिल्याच दिवसापासून फरक.” मी दारातून डोकावलो. दिवा हिरवा होता. आत पाऊल टाकले नाही.

तर मीच होतो. खात्री झाली.

माझी स्वतःची झोप मात्र चमत्कारिक झाली आहे. सकाळी डोके जड, घसा कोरडा, ओठ काळसर. वयाचा परिणाम असावा.

१४ नोव्हेंबर

शाळेतून येताना मुंगीस शाबासकी दिली — खोकला बरा झाला म्हणून. ती म्हणाली, “मला खोकला नव्हताच, आजोबा. झोपेत तुमचा श्वास थांबतो. मग मी जोरात खोकते, की तुम्ही उठता. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, सगळेच म्हातारे घोरतात.”

मी रस्त्यातच उभा राहिलो. तिने माझा हात ओढला.

“आता बाहेरच्या खोलीत कोण खोकतं?”