डिझेल गाडी आणि आईची दहावी

दादा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. परवा एका लग्नात तुमच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. म्हणाले, "तुझ्या वडिलांचा काय रुबाब होता! गाडीतून उतरले की माणसं उठून उभी राहायची." मी हसले आणि पुढच्या पंगतीची चौकशी केली. त्या गाडीखाली मी उताणी पडलेली आहे, त्यामुळे तुमचा रुबाब खालच्या बाजूनं कसा दिसायचा ते मला चांगलं ठाऊक आहे. तुम्हाला अजूनही अहो-जाहो करते, ती जिभेची सवय. त्यात आदर शोधू नका.

गाडी तुम्ही देवळाली कॅम्पातल्या एका माणसाकडून जुनी घेतलीत, तेव्हा मी अकरावीत होते. मूळची पेट्रोलची, कुणीतरी तिचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. सुरगाण्याकडे तुमची रस्त्याखालच्या मोऱ्यांची कामं चालायची, रोजचा घाट, म्हणून डिझेल बरं, असा तुमचा हिशोब. डिझेल वाजतं हे मात्र तुमच्या ध्यानात आलं नव्हतं. एकदा बांधकाम खात्याच्या ऑफिसात एक साहेब खिडकीतून म्हणाला, "या, या, टेम्पो लावा बाजूला." कारकून हसले. तुम्ही घरी येऊन दोन दिवस नीट जेवला नाहीत. घाटात तुमचा एक मजूर दगडाखाली सापडला होता, तेव्हा तुम्ही दोन्ही वेळा पोटभर जेवलात. ते मी पाहिलं होतं, म्हणून हे लक्षात राहिलं.

आम्हाला, म्हणजे मला आणि आईला, तो आवाज फार प्रिय होता. गंगापूर रोडवर तेव्हा वस्ती विरळ. गाडी पाटाच्या पुलावर चढली की स्वयंपाकघरात ऐकू यायची, आणि तिथून आपल्या फाटकापर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात आईची पुस्तकं तांदळाच्या डब्यात जायची. तुम्हाला आठवणार नाही, पण आईनं पूर्वी एकदा पुढं शिकायचं म्हटलं होतं. सातवीनंतर तिचं लग्न झालं होतं. तुम्ही तिची वही उचललीत, न्हाणीघरात नेऊन बंबात घातलीत आणि त्याच पाण्यानं अंघोळ केलीत. बाहेर येऊन म्हणालात, "आज पाणी छान तापलं." त्यानंतर दोन वर्षांनी आईनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावीला बसण्याचा. हे फक्त मला माहीत. दुपारी चारला मी कॉलेजातून यायचे आणि कणीक मळता मळता तिला बीजगणित शिकवायचे.

तुम्ही आवाज बंद करायला निघालात तो तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे कुणालाही न विचारता. बॉनेटच्या आतून तुम्ही लोकरीचा जाड नमदा चिकटवलात, पायाशी डांबरी कागद अंथरलात, आणि इंजिनच्या आजूबाजूला जिथं बोट जाईल तिथं नारळाचा काथ्या आणि गोणपाट कोंबलंत. नाशकात द्वारका चौकाच्या पुढे ज्यांचं गॅरेज होतं ते म्हातारे मिस्त्री, पूर्वी मिलिटरीच्या वर्कशॉपात होते. ते आत वाकून बघत म्हणाले, "साहब, हे काढा. इंजिनच्या खालचं रबर गेलंय, इंजिन सरळ बॉडीवर आदळतंय. रबर बदलू, टॅपेट सेट करू, अर्धा आवाज जाईल." तुम्ही म्हणालात, "तू पाना धर. डोकं मी चालवतो." तुमच्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला.

आठ दिवसांत सावळघाटात तो काथ्या पेटला. तेल पिऊन बसला होता तो. तुम्ही उतरून लांब उभे राहिलात आणि मागच्या सीटवरच्या मजुराला म्हणालात, "ओढ बाहेर." हे मला त्यानंच सांगितलं, दोन्ही हातांना फडकी बांधून दाराशी आला होता तेव्हा. "लय भडकली व्हती ताई, पण सायबाला काय नाय झालं," असं तो मला धीर देत होता. तुम्ही आतून ओरडून विचारलंत, "कामावर कधी येतोस?"

आणि मग तुम्ही चूक दुरुस्त करायला गेलात, म्हणजे मिस्त्रींच्या कानाखाली मारायला. मी गाडीत बसले होते. "तुझ्या नजरेखालून गाडी गेली होती ना? मग सांगितलं का नाहीस?" एवढं बोलून तुम्ही हात उचललात. मिस्त्रींची टोपी पडली. त्यांनी ती उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि बॉनेट उघडलं. दोन दिवस त्यांनी काम केलं. नवी रबरं घातली, टॅपेट बसवले, सायलेन्सरचा पाइप नीट क्लॅम्पमध्ये आवळला, तुमचा जळका कचरा पोत्यात भरून बाहेर टाकला. गाडी बदलली. अगदी पेट्रोलसारखी नाही, पण पुलावरून ऐकू येईनाशी झाली.

त्या पहिल्या दिवशी तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा आईच्या हातात पुस्तक होतं. ती त्याच्यावर बसली. तुम्ही पाणी मागितलंत. ती उठेना. "बहिरी झालीस का?" तुम्ही ओरडलात, आणि मी धावत जाऊन तांब्या भरून आणला. तुम्ही घटाघटा प्यालात, मिशा पुसल्यात आणि लहान मुलासारखे हसलात. "कळलंच नाही ना मी आलो ते? आता कळेल मला घरात काय चालतं ते." आई पोळपाटासमोर तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी मिस्त्रींकडे गेले. आधी तुमच्या वतीनं माफी मागितली. "तू का मागते, बेटी? तू मारलं का?" ते म्हणाले. मग मी विचारलं, "चाचा, आवाज परत आणता येईल का?" त्यांनी मला खाली बसवलं आणि कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, बंबातल्या वहीसकट. त्यांनी फडक्याला हात पुसले. "इंजिनला हात लावायचा नाही," ते म्हणाले, "त्याला नुकसान नको. मागं सायलेन्सरच्या पाइपचा क्लॅम्प आहे. त्याचा नट दोन आटे ढिला कर. पाइप वर टेकेल, बॉडीवर बोंबलेल. गाडीला काही होणार नाही." एक जुना पाना त्यांनी मला दिला, बुडाशी कापड गुंडाळून.

तुम्ही रविवारी दुपारी जेवून घोरत पडलात की मी गाडीखाली जायचे. सोमवारी गाडी पाटाच्या पुलावरून पत्र्याच्या कारखान्यासारखी यायची. मग तुमची वणवण सुरू झाली. मिस्त्रींकडे जायची तुम्हाला लाज, म्हणून तुम्ही नाशकातलं दुसरं गॅरेज धरलंत, मग तिसरं. कुणी तो नट आवळायचं, कुणी न आवळता भलतंच काही बदलायचं. तुम्ही सगळ्यांना शिव्या घालायचात आणि आम्हाला सांगायचात, "या गावात एकाला अक्कल नाही." एवढा मोठा ठेकेदार, जीपवाले आणि ट्रकवाले ज्याला सलाम करायचे, तो एका नटाला भ्यायला होता. मी ताट वाढताना तुमच्याकडे पाहायचे आणि मला हसू आवरायचं नाही. दया कधी आली नाही. आजही येत नाही.

मार्चच्या परीक्षेत आईचे सगळे विषय सुटले, बीजगणित तेवढं राहिलं. ऑक्टोबरला तेही सुटलं. गुणपत्रिका आली त्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसला होतात आणि ती तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच, डोक्यावरचा पदर न सावरता. कागद तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही तो उलटा केलात, सुलटा केलात.

"कधी केलंस हे?"

"तुम्ही गाडीचा आवाज शोधत होतात तेव्हा," आई म्हणाली आणि आत जाऊन तिनं कुकर लावला.

तुम्ही तो कागद फाडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "अक्षर बरं आहे यांचं," कागद खाली ठेवलात आणि फिरायला गेलात. बोर्डाच्या कारकुनाचं अक्षर! बाईनं दहावी केली त्यावर तुम्हाला एवढंच सुचलं. पुढं आई बालवाडीत शिकवायला लागली, तुम्ही लोकांना सांगू लागलात, "मीच तिला शिकवलं," आणि तीही हसून मान हलवायची. मी मात्र तुमच्या त्या वाक्याला कधी माफ केलं नाही.

हे सगळं आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं. ती शेजारच्या खोलीत आहे. ऐकायला कमी येतं, पण मोठ्यानं वाचलं तर खूश होईल. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. तुम्ही स्वतः गाडीखाली शिरला आहात आणि मला बॅटरी धरायला बोलावलं आहे. मी तुमच्या शेजारी उताणी पडले आहे. तुम्ही विचारता, हे काय, ते काय, आणि मी मिस्त्रींकडून शिकलेली नावं सांगत जाते. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघता. कपाळाला ग्रीस लागलेलं. म्हणता, "माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत. तुझ्याइतकं एकालाही कळत नाही." असं तुम्ही मला आधी कधी म्हणाला नव्हतात, नंतरही नाही. आणि मी, दादा, बॅटरीचा झोत त्या नटावर नेला. म्हणाले, "हा बघा, हा ढिला आहे."

तुम्ही तो आवळलात आणि वर आणखी एक नट चढवलात. तो मला एका पान्यानं निघेना, आणि मिस्त्री गावाला गेलेले. परीक्षेआधीचे पंधरा दिवस गाडी मुकी होती आणि आईनं पुस्तक उघडलं नाही. कुठल्यातरी गॅरेजवाल्यानं शोधलं असेल, असं मी तिला सांगितलं. तिचा त्यावर विश्वास बसला. अजूनही आहे.

म्हणून हे मी तिला वाचून दाखवणार नाही.