सुजेसकट गुलाब

बदलापूर गाव,
१२ नोव्हेंबर २००७

प्रिय शालन हिला,

सप्रेम जयभीम. तू, सूनबाई, नातवंडं आणि तुझे दोन्ही गुडघे (त्यांची चौकशी वेगळी करते, कारण हल्ली तुझ्या पत्रांत तुझ्यापेक्षा तेच जास्त असतात) खुशाल असाल असं धरून चालते. भुसावळला थंडी पडली का? इथे नुसती हूल देऊन गेली. माझ्या भावनाच्या लग्नाची पत्रिका पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. ‘आता कुठे जमतंय, इथूनच आशीर्वाद’ एवढंच लिहिलंयस. त्या कार्डाचा समाचार शेवटी घेणार आहे. आधी माझ्या हातावरचा गुलाब कसा वाचला ते ऐक.

झालं असं, की विहीणबाई अंबरनाथहून साड्या दाखवायला आल्या होत्या. मी चहाचा कप पुढे केला आणि त्यांची नजर माझ्या कोपराखाली अडकली. बाई सभ्य आहेत, काही बोलल्या नाहीत. फक्त निघताना म्हणाल्या की आमचा फोटोग्राफर फार जवळून फोटो काढतो. झालं. दुसऱ्याच दिवशी भावना मला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. कशाला, ते रिक्षात बसेपर्यंत सांगितलं नाही. (मला वाटलं, ब्लाउजपिसं घ्यायला.) तिथे म्हणे लेझरने गोंदण काढतात. माझ्या लेकीकडून मला लग्नाची भेट. आपल्या लग्नात आईला भेट म्हणून आईचंच कातडं सोलून द्यायचं, ही कल्पना आपल्या वेळी कुणाला सुचली नसती.

डॉक्टरीणबाई सिंधी, गोड स्वभावाच्या. चष्मा वर करून, खाली करून बघितलं आणि म्हणाल्या, “आंटी, पहले ये बताओ, ये है क्या?” मी म्हटलं, गुलाब आहे. त्यांनी भावनाकडे पाहिलं. भावनाने छताकडे पाहिलं.

आता यात दोष कोणाचा, हे तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण बेचाळीस वर्षांत तू एकदाही कबूल केलेलं नाहीस. अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा, आपण नववीत. शाळेत शिवणाचा जादा तास आहे असं सांगून घरातून निघालेलो. दादांचा जत्रेला आणि गोंदणाला सारखाच विरोध होता. छप्पन साली जे सोडून आलो तिकडे पुन्हा पाय वळवायचा नाही, असं ते म्हणत, आणि आजही मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. पण आपल्याला देव नको होता. आपल्याला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फेलिसियांनी बक्षीस दिलेल्या चित्रातला कोपऱ्यातला गुलाब हवा होता, एकीच्या हातावर एक आणि तस्साच दुसरीच्या, म्हणजे लग्नं होऊन कुठेही फेकलो गेलो तरी ओळख राहील. गोंदणारीण बिचारी विंचू, पाळणा, तुळस काढणारी. तरी चित्र बघून तिने तुझ्या हातावर इतका नाजूक गुलाब उतरवला की मी बघतच राहिले. आणि तू काय केलंस? दुखतंय म्हणून ते चित्र दातांत धरलंस आणि चावून त्याचा लगदा केलास. मग माझी पाळी आली तेव्हा नमुना उरला होता तो फक्त तुझा हात, आणि तो तोवर पुरीसारखा टम्म फुगलेला. ती बाई प्रामाणिक. तिला जसं दिसलं तसं तिने गोंदलं, सुजेसकट. चार दिवसांनी हळद लावून तुझी सूज उतरली आणि खाली गुलाब निघाला. माझी सूज अजून तशीच आहे.

पुढचं आठवतंय ना? सिस्टरनी तुझा हात धरला, स्वतःच दिलेल्या चित्रातला गुलाब ओळखला, आणि रागवता रागवता त्यांचे डोळे भरून आले. तुला नुसती लांब बाह्यांची ताकीद. मग माझा हात. हे काय म्हणून विचारलं, मी म्हटलं गुलाब, तर मला आठवडाभर मधल्या सुट्टीत चॅपलबाहेर उभं केलं. गोंदल्याबद्दल नव्हे, खोटं बोलल्याबद्दल.

घरी तर दादा जेवायलाच बसेनात. टाकून दिलेलं पोरीने पुन्हा टोचून आणलं, एवढंच म्हणत राहिले. तेव्हा बनू आत्या (दादांची थोरली बहीण, जिच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटांवर सगळीकडे गोंदण होतं) चुलीपुढून उठली, पदर मागे सारून दादांसमोर बसली आणि म्हणाली, “शंकर, आदी माजं पूस. मंग पोरीचं बगू.” दादा बराच वेळ तिच्या कपाळाकडे बघत होते. लहानपणी त्यांना कडेवर घेऊन हिंडलेली बाई ती. शेवटी त्यांनी ताट ओढलं. वाढता वाढता आत्याने माझा हात उलटा करून पाहिला आणि हळूच विचारलं की कोबीच का गोंदवलीस.

हे सगळं मला त्या दवाखान्यात आठवत होतं, कारण डॉक्टरीणबाईंनी हाताला बधीर करायचं मलम लावलं, मशीन सुरू करायला बटण दाबलं, आणि भारनियमन. मशीन गप्प. इन्व्हर्टरवर फक्त पंखा. अर्धा पाऊण तास बसा म्हणाल्या. हात बधीर होत गेला तसा गुलाब दिसत होता पण जाणवत नव्हता, आणि मला एकदम पोरकं वाटलं. मी खुर्चीवरून उतरले. भावना म्हणाली, “आई, विक्रांतच्या घरचे काय म्हणतील?” मी म्हटलं, “विक्रांतच्या दंडावर तो सरडा आहे, त्याला काय म्हणाले?”

“तो ड्रॅगन आहे. आणि तो टॅटू आहे गं. तुझं गोंदण आहे.”

“सुई दोघांनाही टोचलीच ना?”

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी स्वतःच कापसाने माझं मलम पुसून दिलं. तर मी ठरवलंय, शालू. लग्नात पांढरी साडी, आखूड बाह्यांचा ब्लाउज, आणि हात उघडा. फोटोग्राफरने हवं तितकं जवळ यावं. ज्याला कोबी दिसेल त्याला दिसो. मी कोणाला भीत नाही.

सर्वांना जयभीम, लहानांना पापे.

तुझी,
यशोधरा

ता. क. वरचं शेवटचं वाक्य जरा जोरात लिहिलं गेलं. लांब बाह्यांचाही एक ब्लाउज शिवायला टाकलाय, कॅम्प चारमध्येच. भावनाला ठाऊक नाही. पोरगी त्या रात्री जेवली नाही, म्हणून.

आणखी एक. लग्न झाल्यापासून तू बाह्या मनगटापर्यंत ठेवतेस, भुसावळच्या उन्हाळ्यातसुद्धा. आधी सासूबाईंसाठी, मग हेडमास्तरीण म्हणून. आता सासूबाई नाहीत, शाळाही नाही. आहे ना गं अजून तिथे? एकदा बघून कळव. नुसतं कार्ड चालेल.

आणि हे अगदी शेवटचं. तुझा हात शेजारी नसला की माझ्या हातावर काय आहे ते कोणालाच कळत नाही, डॉक्टरीणबाईंनासुद्धा कळलं नव्हतं. फोटोच्या वेळी माझ्या डाव्या बाजूला उभी राहा आणि बाही कोपराच्या वर घे. तू आलीस तर तो दुसरा ब्लाउज मी शिंप्याकडून आणणारच नाही. खालच्या मजल्यावरची खोली झाडून ठेवली आहे, एकही पायरी नाही. गुडघ्यांनाही घेऊन ये.