वीतभर अंतर

८ मार्च
धाकट्याचा फोन. अण्णा आता फक्त मशीनवर. "शुद्धीवर यायची आशा सोडा म्हणाले डॉक्टर. ताई, तू ये. तू आलीस की मग नळ्या काढतील." आईनेच अडवून धरलंय म्हणे — माझी मुलगी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!

म्हणजे मी पोचेपर्यंत अण्णा आहेत.

८ मार्च, दुपारी
तेरा हजार किलोमीटर. थेट विमान आज रात्री निघतं, पंधरा तासांत तिथं — तिथल्या घड्याळानं परवा पहाटे. दुसरं दोन ठिकाणी बदलायचं, बत्तीस तास, परवा रात्री पोचतं.

थेट विमानात जागा होत्या. खिडकीचीसुद्धा होती.

मी बत्तीस तासांचं तिकीट काढलं. धाकट्याला सांगितलं, थेट विमान भरलं. लगेच विश्वास ठेवला त्यानं! "तुझ्या नशिबी नेहमीच पॅसेंजर गाडी गं, ताई."

९ मार्च, पहिला विमानतळ
झोप नाही. समोरच्या बाकावर एक बाई बूट काढून घोरतेय. हेवा वाटला.

मी इकडे यायला निघाले तेव्हा अण्णांनी माझा शाळेतला पृथ्वीगोल काढला होता. शिवणयंत्रावरचं लाल दोऱ्याचं रीळ घेतलं, दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला आणि मग त्यावर स्वतःची वीत ठेवली. "ही बघ. वीतभर तर चाललीयस, रडतेस काय!" पुढे दर फोनला तेच. वीतभर अंतरावर राहतेस आणि चहाला येत नाहीस, शिष्ट कुठची!

दोरा ताणला तर अंतर कमीत कमी. मी तो मुद्दाम सैल सोडलाय.

९ मार्च, तिथेच
दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढायची नोकरी माझी. आज माझ्या लक्षात काय आलं — ते सतरा तास मी अण्णांना दिले असं समजत होते. पण आई त्या प्लास्टिकच्या खुर्चीत सतरा तास जास्त बसणार. तिचे पाय सुजतात. हे तिकीट काढताना आठवलंच नाही! आणि अण्णांच्या घशातली नळी? त्यांना विचारलं का कुणी? प्रेम म्हणायचं की भित्रेपणा? माझ्या मांडीवर जायला नकोत, एवढंच ना?

थेट विमान अजून हवेत असेल.

१० मार्च, दुसरा विमानतळ
धाकट्याचा फोन. रडत होता, मला आधी काही कळेना. "ताई, अण्णांनी डोळे उघडले होते गं! सकाळी सातला. आम्हाला ओळखलं. तू येतेयस म्हटल्यावर दाराकडेच बघत राहिले, तासभर. बोलता येत नव्हतं. हात वर केला, अंगठा आणि करंगळी अशी ताणून धरली. आई म्हणाली पाणी मागतायत. मला वाटलं बोटं आखडली. तुला काही कळतंय का?

"आठ वाजता गेले."

थेट विमान पहाटेच उतरलं होतं.