सणापुरती ख्रिस्ती

माय, आज चर्चमध्ये तुझ्या नावाची मिस्सा आहे, साडेआठला. माझी आंघोळ झाली, साडी नेसून झाली, पायात चप्पल सरकवायची तेवढी बाकी आहे. रिक्षा बोलवायच्या आधी तुला दोन ओळी लिहाव्यात म्हटलं. तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं म्हणून लिहिलं नाही, आणि आता तू जाऊन वीस वर्षं उलटल्यावर लिहायला बसले. माझं सगळं हे असंच, वेळ टळून गेल्यावर. हसू नकोस.

मिस्सेचं मला ईस्टरला कळलं. नाताळला आणि ईस्टरला मी जातेच, तेवढं तुलाही ठाऊक आहे. यंदाचे फादर नवे आहेत, तरणे, दक्षिणेकडून येऊन मराठी शिकलेले. शेवटचा आशीर्वाद द्यायच्या आधी माइकवरून म्हणाले, "आज चर्च भरलेलं पाहून बरं वाटलं. पुष्कळांची गाठ आता डिसेंबरातच पडेल, म्हणून नाताळच्या शुभेच्छा आजच देऊन ठेवतो." सगळे हसले. मी तर इतक्या मोठ्यानं हसले की पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली. ती तुझी मैत्रीण निघाली, रविवारी तुझ्या शेजारी बसायची ती. आता पार वाकली आहे. फाटकाशी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमच्या आईच्या नावानं आमी दर साली मे महिन्यात मिस्सा ठेवतो बाई. तुमाला कदी सांगितलं न्हाई, तुमी कामात असता म्हणून. यंदा या. तिच्या मैत्रिणींतल्या आमी दोघीच ऱ्हायलो आता." मी म्हणाले, "येते की, न यायला काय झालं?" घरी येईपर्यंत रिक्षात माझं तोंड गरम झालं होतं. आई माझी, आणि मला आवतण दुसरीनं द्यायचं! वीस वर्षं त्या हे करत राहिल्या आणि मला पत्ता नाही.

तू मला एकदा विचारलं होतंस, "नाताळचा देव येगळा आन् रविवारचा येगळा हाय का गं?" मी तेव्हा ते चेष्टेवारी नेलं. उत्तर मला माहीत नव्हतं असं नाही. ते पार दुष्काळापर्यंत मागं जात होतं, आणि तो विषय मला तुझ्यासमोर काढायचा नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात आपण जळकोटाकडच्या गावात होतो. बाप कामाला म्हणून निजामाबादकडे गेला तो गेलाच. तू आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतीस, मग हात सुजले आणि कुणीतरी सांगितलं की मिशनच्या आवारात दूध वाटतात, तिथं ढवळायला बाई पाहिजे. मला ते आवार अजून दिसतं. तीन दगडांवर मोठी डेग, त्यात पावडरीचं दूध, आणि तू पदर खोचून लाकडी दांड्यानं ढवळते आहेस, घामानं कपाळावरचं कुंकू गालावर उतरलंय. रांगेत सगळं गाव. मराठे, मुसलमान, नुकते बौद्ध झालेले, आपण. कुणाला कुणी जात विचारत नव्हतं की देव विचारत नव्हतं. रविवारी मिस्सा सुटली की तेल आणि पिवळा दलियाही मिळायचा, म्हणून रविवारी रांग लांब. तू मिस्सेच्या वेळी मागं दाराशी उभी राहायचीस, पहिल्यांदा नुसती बघत, नंतर गुडघे टेकत. पुढच्या वर्षी तू आणि मी बाप्तिस्मा घेतला. तू कुंकू लावायचं सोडलंस, आणि वस्तीतल्या बायका तुझ्याशी थोडं जपून बोलायला लागल्या.

शाळेत मात्र कुणी जपून बोललं नाही. माझ्याच बाकावरची पोरगी, जी स्वतः दर रविवारी पितळी गडवा घेऊन रांगेत असायची, ती सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुमी पावडरीचे किरिस्ताव. दूध संपलं की तुमचा येशूबी संपला." पोरी खिदळल्या. मास्तरही हसले, माय. मला ते इतकं लागलं की मी घरी येऊन जेवले नाही, आणि न जेवण्याची चैन परवडावी असे ते दिवस नव्हते. त्या रात्री मी ठरवलं, की जिथं वाटप असेल तिथं आपण जायचं नाही. आता वाटप नसायचं कधी? नाताळला आणि ईस्टरला. सणाची सुट्टी म्हणून त्या दिवशी डेग पालथी, भांडाराला कुलूप. त्या दिवशी गेलं की कुणी म्हणू शकत नव्हतं की ही दुधासाठी आली. मी तेल लावून वेणी घालून, मान ताठ करून, पुढच्या रांगेत बसायचे. दहा वर्षांच्या पोरीचा ताठा तो. पण त्याला मी पुढं सबंध आयुष्य सांभाळलं.

तुला ते कळायला वेळ लागला नाही. एका रविवारी मी पोट दुखतंय म्हणून पडून राहिले, तर तू ढवळायचा दांडा हातात घेऊन तशीच घरी आलीस. वाटलं आता पाठीत बसतोय. तू दारात बसलीस आणि म्हणालीस, "लोकाच्या तोंडाला भिऊन राहिलीस व्हय?" मी शाळेतलं सगळं सांगितलं. वाटलं होतं तू चिडशील, त्या पोरीच्या घरी जाऊन भांडशील. तू म्हणालीस, "मंग खोटं काय बोलली ती? भूक लागली म्हणूनच गेले म्या. पोटात काय नव्हतं, तिथं मिळालं, मंग तिथंच मन लागलं. भुकंची लाज मला न्हाई वाटत, तुला कशाची वाटायली?" आणि उठून गेलीस, कारण दूध खाली लागत होतं. मला तुझा राग आला. तू नाही म्हणायला पाहिजे होतंस. आपण दुधासाठी नाही गेलो, देवासाठी गेलो, असं म्हणायला पाहिजे होतंस. तू खरं बोललीस आणि मला तोंड लपवायला जागा ठेवली नाहीस, असं मला तेव्हा वाटलं.

मग पाऊस झाला, ज्वारी आली, डेग मिशनच्या माळ्यावर गेली. रांग मोडली. तू मात्र दर रविवारी जातच राहिलीस, चिखलातून, अंगात ताप असला तरी. म्हणजे त्या पोरीचं बोलणं तुझ्या बाबतीत खोटं ठरलं. दूध संपल्यावर येशू संपला तो माझा. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी ते कुणाला सांगितलं नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मला नव्या कलेक्टर कचेरीत नोकरी लागली. आठवतं ना, पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहीत होते आणि रंग ओला असतानाच लोक अर्ज घेऊन येत होते. मी तुला गावाहून क्वार्टरवर आणलं. जावई तुझे हदगावला बदलीवर, घरात तू आणि मीच. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात तू चर्च शोधून काढलंस. मला लातुरातली भाजी मंडई सापडायच्या आधी! दर रविवारी पांढरी साडी, हातात जपमाळ, आणि दारातून एकच प्रश्न, "येतीस का?" मी काय काय सांगितलं तुला. कपडे धुवायचेत, डोकं दुखतंय, पाहुणे येणार आहेत. सगळ्यात जास्त वेळा नळ. लातूरचं पाणी, कधी येईल सांगता येत नाही, घर सोडून कसं चालेल? तू एकदा उंबऱ्यातून म्हणालीस, "नळबी मोठा शहाणा हाय बाई तुमचा. बराबर मिस्सेच्या वक्ताला येतोय." आणि खुदकन हसून निघून गेलीस.

समोरच्या क्वार्टरमधल्या बाई बौद्ध होत्या, आमच्याच कचेरीतल्या. त्यांच्यापाशी मी एकदा मन हलकं केलं. त्या म्हणाल्या, "अवो ताई, त्यात काय एवढं? आमीबी चौदा एप्रिल आन् बुद्धपौर्णिमा, बास. बाकीचं सासूबाई बघतात." आम्ही दोघी खूप हसलो. मला हायसं वाटलं, की जगच असं आहे. लोक सणालाच जातात, कारण सणाला नवी साडी असते, गोडधोड असतं, ओळखीचं कुणी भेटतं, आणि देव काही हजेरी घेत नाही. हे सगळं खरंच आहे. पण माझं कारण ते नव्हतं. आता लातुरात मला कोण पावडरीवाली म्हणणार होतं? कुण्णी नाही. तरी रविवार आला की दहा वर्षांची ती पोरगी माझ्या पोटात पाय आवळून बसायची.

तू गेलीस ती मे महिन्यात. तुला आठवायचं कारण नाही, म्हणून सांगते. जावई बदलीच्या गावाहून निघाले होते, पण पोचायला दुपार होणार होती. मी कचेरीत फोन केला, चार माणसं आली, आणि तुला न्हाऊ घालायचं कसं, पेटी कुठं मिळते, फादरांना काय सांगायचं, यातलं मला काही माहीत नव्हतं. तेवढ्यात तुझ्या रविवारच्या बायका आल्या. मी त्यांना नावानं ओळखत नव्हते, त्या मात्र मला ओळखत होत्या. त्यांनी पातेली कुठं आहेत तेवढं विचारलं आणि सगळं हातात घेतलं. एकजण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माय तुमची लई कौतुक करायची. म्हणायची, माझ्या लेकीला रविवारीबी सुट्टी न्हाई, कलेक्टर सोडतच न्हाई तिला." मी मान हलवली. काय करणार होते? चुलीतला निखारा हाताला लागून तोंडातून शिवी निघाली तरी देवाची माफी मागणारी तू, दर रविवारी त्याच्याच दारात माझ्यापायी खोटं बोलत होतीस.

कबरस्तानात ऊन असं की माती हातात धरवत नव्हती. पेटी खाली उतरवली. फादरांची प्रार्थना झाली. मग त्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. तीच म्हातारी, तेव्हा वाकली नव्हती, म्हणाली, "पयलं गाणं लेकीनं धरायचं असतं. धरा तुमी, आमी मागून म्हणतो." माय, मला एकही गाणं येत नव्हतं. मेलेल्या माणसासाठी काय म्हणतात ते मी कधी ऐकलंच नव्हतं, कारण माणसं काही नाताळला आणि ईस्टरला मरत नाहीत.   कचेरीतली माणसं खाली बघत होती. मी कशीबशी म्हणाले, "मला नाताळचीच येतात." आणि मला वाटलं आता या हसतील, किंवा त्यांच्यापैकी एखादी पुढं होऊन योग्य ते गाणं म्हणेल आणि मी सुटेन. तुझ्या मैत्रिणीनं माझ्याकडं एक क्षण पाहिलं. मग म्हणाली, "मंग तेच धरा. तिला लई आवडायचं." आणि मी धरण्याची वाटही न बघता तिनंच सुरू केलं, गोठ्यातल्या बाळाचं गाणं, आणि बाकीच्यांनी मागून उचललं. भर मे महिन्यात, तुझ्या उघड्या कबरीभोवती, सगळ्या बायका माझ्यासाठी नाताळचं गाणं म्हणत होत्या. खड्डा खणणारा माणूस फावडं टेकून बघत राहिला. मीही म्हटलं, सगळी कडवी. पाठ होती ना.

शाळेतली पोरगी हसली त्याचं मला एवढं लागलं, पण त्याच्या शंभरपट लागलं ते या बायका हसल्या नाहीत त्याचं. हसल्या असत्या तर मी भांडले असते. यांच्याशी काय भांडू? त्या दिवसापासून मी रविवारला खरी भ्यायला लागले. रविवारी चर्चमध्ये मोजकी माणसं असतात, कोण कुठल्या बाकावर बसलंय ते दिसतं, आणि त्या बाकांवर तुझ्या बायका असतात. नाताळला कसं, गर्दी असते. दारापर्यंत माणसं. आणि त्या दिवशी ते गाणं सगळेच म्हणतात, माझ्यासाठी म्हणून कुणाला म्हणावं लागत नाही. रिटायर होऊन तिसरं वर्ष चाललंय माझं. कलेक्टरनं कधीच सोडलं मला.

आज मी गेले असते तर काय झालं असतं ते मला नीट दिसतंय. त्या दोघींनी मला मध्ये बसवलं असतं. फादरांनी तुझं नाव वाचलं असतं. मग शेवटी तुझ्यासाठी गाणं म्हणायची वेळ आली असती, आणि त्या म्हातारीनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं असतं. वीस वर्षांत मी एक गाणं शिकून घ्यायला हवं होतं. साधं एक गाणं, त्यात अवघड काय होतं? पण शिकायला रविवारी जावं लागतं.

गेले असते, असं लिहून बसले बघ. साडेनऊ होऊन गेलेत. मिस्सा सुटली असेल. मघाशी फोन वाजला, तो त्या म्हातारीचाच होता, मी उचलला नाही. आज कपडे नव्हते धुवायचे, पाहुणे नव्हते, टाकी भरलेली आहे, आज मला कशानंच अडवलं नव्हतं. फक्त तुला हे लिहायचं होतं. आणि दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो, माय? मी साडीच्या निऱ्या घालत होते, तेव्हाच मला ठाऊक होतं की मी लिहायला बसणार आणि जाणार नाही.