ह्यांना ऐकू आलं

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पोचेल तोवर तुझे गुडघे जरा ताळ्यावर आले असतील आणि सकाळचं फिरणं चुकवायला दाजींनी नवीन निमित्त शोधलं असेल, असं धरून चालते. आम्ही दोघं ठीक. म्हणजे, तसे ठीक.

परवा फोनवर तू विचारलंस, 'चर्चची सहल कशी झाली?' आणि मी 'छान' म्हणून फोन ठेवला. छान कसली डोंबलाची! माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

सहल आमच्या वाचनालयाने काढलेली. शहराच्या जुन्या भागातलं ते कॅथलिक चर्च तुला आठवत असेल, दोन मनोऱ्यांचं, ज्याच्या पायऱ्यांवर सदा कबुतरं. इतकी वर्षं बसमधून बाहेरूनच बघितलं होतं. आता म्हणे तिथे गाईड आत नेऊन सगळं समजावून देते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मला न विचारताच आमची दोघांची नावं देऊन टाकली. 'शांत जागा आहे, साहेबांना घेऊन चला, बरं वाटेल,' म्हणाल्या. मनात त्यांच्या वेगळंच होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

तुझ्या मेहुण्यांच्या कानांचं तुला नवीन नाही. उभा जन्म छापखान्यात मशिनीशेजारी गेला, कान राहणार कुठून? पण कबूल कोण करतंय! 'माझे कान ठणठणीत आहेत, तूच हल्ली पुटपुटतेस.' कानाच्या यंत्राचं नाव काढलं, की उठून गॅलरीत जातात. आमच्या भिंती तर कागदाच्या. मी ह्यांना 'मीठ संपलं' म्हणून सांगते आणि समोरच्या बाई वाटीभर मीठ घेऊन दारात उभ्या राहतात. हे आपले पेपरात. आणि ऐकू आलं नाही की ह्यांचं ठरलेलं उत्तर, 'बरं बरं.' त्या 'बरं बरं'चा मला इतका उबग आलाय, ताई, की काय सांगू.

तर आम्ही गेलो. दारातच त्या गाईड मुलीने प्रत्येकाला कानात घालायचं एकेक यंत्र दिलं. आत मोठ्याने बोलायचं नाही, म्हणून तिच्या गळ्यात माईक. ती कुजबुजणार आणि आमच्या कानात पोचणार. मी म्हटलं, झालं, आता हे यंत्र भिरकावून देतात. कसलं काय! सगळ्यांनी घातलंय म्हटल्यावर ह्यांनीही मुकाट्याने घातलं. आणि ती पहिलं वाक्य बोलली तसा ह्यांचा चेहरा असा काही उजळला, की लग्नाच्या फोटोतही तसा नाही.

मग काय विचारतेस! शब्द न् शब्द ऐकू येत होता. हे सगळ्यात पुढे. ती मुलगी म्हणाली, 'हे खांब संगमरवरी दिसतात ना? लाकडाचे आहेत, वरून रंगवलेत.' तर हे प्रत्येक खांबावर टकटक करून बघतायत. वेदीमागच्या चित्रातल्या निळ्या झग्याचा रंग कशात कालवला असेल, यावर तिची उलटतपासणी. शाईत हात घातलेला माणूस, रंगाचं कौतुक असायचंच. पण आवाज केवढा! स्वतःचा आवाज ह्यांना ऐकू येत नाही ना. अख्खं चर्च घुमत होतं. ती पोर हसून म्हणाली, 'काका, तुम्ही माझे आजवरचे सगळ्यात चांगले श्रोते आहात.'

सगळ्यात चांगले श्रोते! ताई, पायाखालच्या फरशीत जुने पाद्री पुरलेत असं तिने सांगितलं, तेव्हा मला वाटलं, त्यांच्याच शेजारी जाऊन पडावं.

शिंपीणबाई मागून कोपरानं ढोसत होत्या. 'सांगा ना आता. बाकावर बसवा आणि सांगून टाका.' काय सांगायचं ते येतंच आहे पुढे, धीर धर. चर्चमध्ये सगळे हळू बोलतात आणि माझं बोलणं ओरडल्याशिवाय पोचत नाही, एवढं त्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं. तरी मी प्रयत्न केला. ह्यांना बाही धरून कडेच्या बाकावर बसवलं, कानातलं यंत्र काढलं, कानाला तोंड लावलं आणि बोलायला लागले. लगेच रखवालदाराने ओठावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. आणि हे म्हणाले, 'बरं बरं. आण ते यंत्र इकडे, ती पुढे काहीतरी सांगतेय.'

पुढे ती मुलगी पापं कबूल करण्याच्या लाकडी खोपटाशी उभी होती. मध्ये जाळी, एका बाजूला पाद्री, दुसऱ्या बाजूला आपण. तिने किस्सा सांगितला, की इथे एक म्हातारे, बहिरे पाद्री होते आणि सगळ्यात लांब रांग त्यांच्याच जाळीपुढे लागायची. सगळे हसले. ह्यांचं हसू सगळ्यात मोठं. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

सगळं बघून झालं. ती म्हणाली, 'आता थोडा वेळ तुम्ही तुमचं फिरा, मग यंत्रं दारात द्या.' लोक पांगले. हे दूर त्या मोठ्या ऑर्गनखाली मान वर करून नळ्या बघत उभे. मी त्या मुलीजवळ गेले. 'बाळ, तो माईक मला जरा देतेस? ह्यांना एक निरोप द्यायचाय.' तिने निरागसपणे माझ्या गळ्यात घातला.

मी म्हटलं, 'अहो, ऐकताय का?'

हे दचकले आणि थेट छताकडे बघायला लागले.

'वर नाही, इकडे. दाराकडे. मी बोलतेय.' वळले. मी दिसले. मग मी सांगितलं. 'माझ्या छातीत गाठ आहे. तपासून झाली. साधी नाही. पंचवीस तारखेला ऑपरेशन आहे.'

हो ताई. तुलाही आत्ताच कळतंय. राग धर, पण वाचणं थांबवू नकोस.

मला वाटलं होतं, बाकीच्यांनी यंत्रं काढली असतील. कुणीच काढली नव्हती. बाकावर पेंगणारे गृहस्थ उठून उभे राहिले. वाचनालयाच्या बाईंनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाच माहीत. ती पोर तर पांढरीफटक पडली. फक्त शिंपीणबाईंनी तेवढं चटकन आपलं यंत्र कानातून उपटलं, जणू त्यांनाच हे माहीत नव्हतं. माझ्याबरोबर सगळ्या तपासण्यांना त्याच तर आल्या होत्या.

हे बाकांच्या मधून चालत माझ्यापर्यंत आले. आणि त्यांच्या त्या आवाजात विचारलं, 'मला का नाही सांगितलंस?'

मग माझा तोल गेला. माईक गळ्यात आहे हेही विसरून ओरडले. 'सांगितलं! स्वयंपाकघरात सांगितलं, तुम्ही पेपर वाचत होतात. दवाखान्यातून आल्या आल्या, चपलासुद्धा न काढता सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं बरं. आणि मग म्हणालात, चहा टाक.'

सगळ्या चर्चभर घुमलं. रखवालदार लगबगीनं आला, तर शिंपीणबाई त्याच्यावरच डाफरल्या, 'थांबा हो तुम्ही!' हे खाली बसले. बाकावर नाही, तिथेच खांबाच्या कडेला, जमिनीवर.

खरं सांगू? त्या दिवशी चहा टाकला तेव्हा मला वाटलं होतं, ह्यांना कळलंय. कळूनही हा माणूस चहा मागतोय. मी दोन दिवस वाट बघितली, की आता काही विचारतील, मग काही विचारतील. नंतर लक्षात आलं, की ऐकूच आलं नव्हतं. पण ते दोन दिवस माझ्या मनातून काही जात नाहीत. पुन्हा ओरडून सांगायचं, तर आधी समोरच्या बाईंना कळणार. लिहून द्यायचं, तर दूधवाल्याला ठेवतात तशी चिठ्ठी नवऱ्याला ठेवायची? हात उचलला नाही.

घरी येताना बसमध्ये ह्यांनी मला खिडकीची जागा दिली. बस्, एवढंच. माफी वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी न सांगता कुठेतरी गेले आणि दुपारी आले ते कानाच्या डॉक्टरकडून. माप देऊन आलेत. आणि आता घरात नवाच ताप सुरू झालाय. हे माझ्या समोर येऊन उभे राहतात आणि तोंडाकडे बघत बसतात. 'बरं' म्हणायचं बंद. जे बोलेन ते चार वेळा विचारतात. 'पाणी गेलंय' हे काल मी इतक्यांदा सांगितलं, की सांगेपर्यंत पाणी परत आलं. चिडचिड होते गं. आणि चिडल्यावर ह्यांचा उतरलेला चेहरा बघवत नाही.

पण ते कानाचं यंत्र महिनाअखेरीस मिळणार. ऑपरेशन त्याच्या आधी. मुलाला बोटीवर निरोप गेलाय, बोट बंदराला लागून तो इथे पोचेपर्यंत पुढचा महिना उजाडेल. ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर येऊन जे सांगतील, ते तिथे उभं राहून ऐकायला कुणीतरी हवं. हे एकटे असले तर काय होईल, मला ठाऊक आहे. डॉक्टर घाईघाईत बोलून निघून जातील आणि हा माणूस कॉरिडॉरमध्ये नुसता उभा राहील.

म्हणून तू ये. जमेल का, असं विचारत नाही. दाजींना घेऊन ये किंवा एकटी ये, पण ये. फोनवर सांगितलं असतं, पण तू रडली असतीस आणि मग मीही.

मी घाबरले आहे, ताई. ही गोष्ट ओरडून सांगता येत नाही, म्हणून लिहिली.

तुझीच,
धाकटी